घडीबाई आणि तिसरा रकाना

घडीबाईबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षं आम्ही एकाच हॉस्पिटलात नोकरी करतोय. ती पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात, मी बायकांच्या मेडिसिन वॉर्डात. मध्ये एक जिना आणि एक सदा बिघडलेली लिफ्ट. नर्सिंगलाही आम्ही एकाच वर्गात होतो. मी पहिली आले होते आणि ती काठावर पास झाली होती. हेही आधीच सांगते, कारण हल्ली कुणी विचारत नाही.

घडीबाई हे नाव विद्यार्थिनींनी ठेवलेलं. आठ वर्षांपूर्वी कॉलेजने नवी पद्धत सुरू केली. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला वॉर्डातल्या एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली द्यायचं. त्या सिस्टरला म्हणायचं प्रिसेप्टर. वर्गात शिकवणाऱ्या मॅडम वेगळ्या. प्रिसेप्टर म्हणजे खाटेपाशी उभी राहून, खऱ्या पेशंटवर काम करताना शिकवणारी. आपलं रोजचं काम सुटत नाहीच, वर ही एक पोर पदराला बांधलेली. दोघींनाही यादीत घेतलं. मला वाटलं, आता कळेल सगळ्यांना कोण काय आहे ते. कळलं, पण उलटंच.

घडीबाई खाटेच्या डाव्या बाजूला उभी राहते, हाताची घडी घालते, पंजे काखेत दाबून धरते आणि मान किंचित कलती ठेवते. मग मुलीला घाम फुटू दे, तिच्या हातातला चिमटा थरथरू दे, गाठ तीनदा सुटू दे, हिची घडी काही सुटत नाही. तोंडावर बोट तेवढं ठेवायचं बाकी. मुलीच्या हातातलं काम ती काढून घेत नाही. पेशंटला धोका दिसला तरच हात पुढे येतो, आणि आठ वर्षांत तसं दोनदाच झालं म्हणे. त्याहून कहर म्हणजे, सुरुवातीलाच पेशंटला सांगते, "ही मुलगी आज पहिल्यांदाच करणार आहे. मी शेजारी आहे. तुमची हरकत नसेल तरच." असं कुणी सांगतं का पेशंटला? भीतीने तो उठून पळायचा. पण तिचे पेशंट हो म्हणतात. का म्हणतात ते मला आजही उमगलेलं नाही.

माझं तसं नाही. माझे हात डोक्याच्या आधी धावतात. जी शीर कुणाला सापडत नाही ती मला अंधारातही सापडते. मुलगी चाचपडायला लागली की मी म्हणते, "सरक, मी करते, तू बघ." पेशंटला एकदाच टोचलं जातं, काम होतं, डॉक्टर खूश. मुलगीही खूश, कारण पाळी संपताना मी तिची कामांच्या नोंदीची वही उघडून भराभर सह्या करून देते. एवढं करूनही दर सहामाहीला मुलींना पसंती विचारली की घडीबाईच्या चार जागांसाठी वीस अर्ज. माझ्याकडे येतात त्या उरलेल्या. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि वर हसून म्हणावं लागतं, "चांगलंय, चांगलंय."

तिच्या घरी मी एकदाच गेले आहे. लग्न तिने केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहते. बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि नजर फारशी परत आली नव्हती, म्हणून बघायला गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर शर्टाची बटणं चिकटवलेली. साखरेच्या डब्यावर एक, चहाच्या डब्यावर दोन, मिठाला चार भोकांचं मोठं. बहीण बोटांनी बटणं चाचपत चहा करत होती. गाळणं सापडेना. मला ते ओट्याच्या कडेला स्पष्ट दिसत होतं. मी उठले, तशी घडीबाई म्हणाली, "बस गं. चाललंय तिचं." आणि स्वतः खुर्चीत हाताची घडी घालून बसली! अर्ध्या तासाने चहा आला, कपात अर्धा आणि बशीत अर्धा. बहिणीचा चेहरा मात्र परीक्षेत पहिली आल्यासारखा. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "आंधळ्या बहिणीला राबवते, आणि जग हिला देवी म्हणतं." माझं बोलणं खोटं होतं हे मला बोलतानाच ठाऊक होतं. तरी बोलले, आणि जरा बरं वाटलं.

इथवर सगळं ठीक होतं. माणूस जळतो, चहा पितो, कामाला लागतो. पण मग माझी लेक शेवटच्या वर्षाला आली.

स्वतःच्या आईच्या हाताखाली मुलीला देत नाहीत, तसा नियमच आहे. चिठ्ठ्या टाकल्या आणि लेकीला मिळाली घडीबाई. पोरगी नाचत घरी आली. त्या दिवसापासून आमच्या घरात एक अदृश्य पाहुणी जेवायला बसू लागली. "आमच्या सिस्टर म्हणतात, पेशंटच्या तोंडाकडे आधी बघावं, जखमेकडे नंतर." "आमच्या सिस्टर चुकल्या की सरळ सांगतात, मी चुकले." एका जेवणात अकरा वेळा. मी मोजलं. सत्तावीस वर्षं मी त्याच इमारतीत सुया टोचतेय, पण घरात मला कुणी विचारलं नाही की शीर कशी शोधायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

"तुला नक्की काय होतंय?" नवऱ्याने विचारलं. "पोरगी शिकतेय ना?"

"मला कुठे काय होतंय?" मी म्हणाले. पोटात दुखत होतं, आणि त्यावरची गोळी आमच्या वॉर्डाच्या कपाटात नव्हती.

एका संध्याकाळी नवरा बरणीचं झाकण उघडायला झटापट करत होता. लेक दाराशी उभी होती. बघता बघता तिने हाताची घडी घातली, पंजे काखेत, आणि मान किंचित कलती. हुबेहूब! "होईल बाबा. उलट्या बाजूला फिरवताय," ती म्हणाली. नवरा हसत सुटला. मी बरणी त्याच्या हातातून ओढली, एका झटक्यात उघडली आणि ओट्यावर आपटली. माझ्या घरात, माझ्या पोटच्या पोरीने, तिची घडी घातली होती. इतकं त्या दोघांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त म्हणाले, "भूक लागलीय ना? मग बसा."

आता वहीचं सांगते. प्रत्येक मुलीकडे कॉलेजची एक वही असते. त्यात कामांची यादी, आणि प्रत्येक कामापुढे तीन रकाने. पाहिलं, मदतीने केलं, स्वतः केलं. प्रत्येक रकान्यात तारीख, खाटेचा नंबर आणि हजर असलेल्या सिस्टरची सही. तिसरा रकाना पूर्ण भरला नाही तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, सहा महिने मागे राहावं लागतं. लेकीच्या वहीत एकच चौकोन रिकामा राहिला होता. नाकातून पोटात नळी घालणं.

तशा संधी आल्या होत्या. पहिल्या वेळी ही स्वतःच घाबरून मागे सरली. दुसऱ्या वेळी पेशंट नको म्हणाला. तिसऱ्या वेळी नळी अर्ध्यावर अडली, हिने घडीबाईकडे बघितलं आणि "सिस्टर, तुम्हीच करा" म्हणून नळी तिच्या हातात दिली. घडीबाईने सही केली ती दुसऱ्या रकान्यात. मदतीने केलं.

वही सोमवारी जमा करायची होती. शुक्रवारी पोरगी रडत घरी आली. "सिस्टर बरोबरच आहेत," वर हेही म्हणाली. मला वाटलं होतं आता तरी ती म्हणेल, आई, त्या किती कडक आहेत, तू किती चांगली आहेस. छे!

ती झोपायला गेली. वही जेवणाच्या टेबलावर होती. मी पेन काढलं. तिसरा रकाना, त्या दिवसाची तारीख, माझ्या वॉर्डातली नऊ नंबरची खाट, माझी सही. हे करताना मला वाईट वाटलं नाही. उलट छाती भरून आली. जे तुझ्या लाडक्या सिस्टरला देता आलं नाही, ते बघ, आईने दिलं. अशा सह्या मी शेकड्याने केल्या होत्या. त्यातल्या एकीमुळेही आभाळ कोसळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वॉर्डातला फोन वाजला. घडीबाई. "पाळी संपली की वर ये जरा."

मी जिना चढले ती पदर खोचूनच. काय काय बोलायचं ते पायरी पायरीला ठरवलं. वरच्या वॉर्डाच्या टोकाला ड्रेसिंगची खोली आहे. तिथे ट्रॉलीपाशी लेक खाली मान घालून उभी, आणि ट्रॉलीवर वही उघडी.

"सकाळी आल्या आल्या हिनेच दाखवली," घडीबाई म्हणाली. "म्हणाली, सिस्टर, ही सही खोटी आहे, मी नळी घातलेली नाही. खोडू का?"

मी लेकीकडे पाहिलं. "मला विचारायचं तरी."

"तू मला विचारलं होतंस का, आई?" ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मी भांडले असते.

म्हणून मी घडीबाईवर घसरले. "एवढा कसला गं तुझा ताठा? सगळे करतात. पोरीचं वर्ष जाईल. तुला काय, तुला पोर आहे का?"

बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. घडीबाईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला.

"आपल्या तिसऱ्या वर्षी," ती म्हणाली, "माझ्या वहीत या नळीच्या तीन सह्या होत्या. आठवतं? तिन्ही नळ्या तू घातल्या होत्यास."

"तुझे हात कापत होते. मी मदत केली."

"मदतच केलीस. मी तुला चहा पाजला होता त्याबद्दल." ती अगदी साधं बोलत होती, वॉर्डात रिपोर्ट देतात तसं. "मग माझी पहिली नोकरी. गावाबाहेरचा दवाखाना, पाच खाटा, सिस्टर मी एकटी. एक म्हातारी होती. डॉक्टरांनी माझी वही बघितलेली. म्हणाले, तुम्हाला येते ना, घाला नळी. मी घातली. ती श्वासाच्या वाटेने गेली. म्हातारीला खोकला सुटला, ओठ निळे पडले, आणि मला कळेना की हे असंच होतं की काय. कारण मी कधी अडलेच नव्हते ना. मी फक्त बघितलं होतं. शेवटी ओढून काढली. वाचली ती. पण मी घरी जाऊन आठ दिवस हातात चमचा धरला नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तू वर्गात पहिली होतीस. आणि तुझं मन काही वाईट नव्हतं."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी तिथे उभी राहिले आणि मला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खालोखाल तोच जुना जळफळाट होता. आठ वर्षं जिच्या हाताच्या घडीवर मी जळले, ती घडी माझ्यामुळेच पडली होती, आणि त्याचं श्रेयसुद्धा मला घेता येत नव्हतं.

"ही ओळ खोड," घडीबाई म्हणाली, "आणि बाजूला सही कर. सात नंबरला नळी घालायची आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय. ही घालेल. शेजारी तू उभी राहा."

"मी? तिची प्रिसेप्टर तू आहेस."

"मला गोळ्या वाटायच्यात," ती म्हणाली आणि औषधांची ट्रॉली ढकलत वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

सात नंबरला एक निवृत्त बस कंडक्टर होते. पोटाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, उलटी थांबत नव्हती. नळी घालून आतलं पाणी बाहेर काढलं की त्यांना आराम पडणार होता. लेकीने पडदा ओढला, पाठीमागे उशा लावून त्यांना बसतं केलं आणि म्हणाली, "काका, मी हे आज पहिल्यांदा एकटीने करणार आहे. या सिस्टर शेजारी आहेत. तुमची हरकत नसेल तरच."

काका म्हणाले, "पोरी, मी पस्तीस वर्षं लोकांना पुढे सरका म्हणत आलो. आज माझ्या नाकात काय ते पुढे सरकव. पण मध्येच उतरवू नकोस. मी शेवटपर्यंतचं तिकीट काढलंय."

मी डाव्या बाजूला उभी राहिले. हाताची घडी घातली. पंजे काखेत दाबले, आणि तेव्हा मला कळलं की ती ते दाबते कशासाठी. हात सुटून पळू नयेत म्हणून.

लेकीने नळी नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाखाली मोजली, चिकटपट्टीची खूण केली, टोकाला जेली लावली. सावकाश. अरे देवा, किती सावकाश! माझ्या हातून एव्हाना दोन झाल्या असत्या. "हनुवटी छातीकडे घ्या काका. आता आवंढा गिळा. अजून एक." नळी जात होती. मग अडली. काकांना उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, त्यांचा हात हवेत उठला.

माझी घडी सुटली. हात पुढे गेलासुद्धा. नळी मला दिसतच नव्हती, मला फक्त माझं पोर अडलेलं दिसत होतं.

"सिस्टर, नको," लेक म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती काकांच्या ओठांकडे बघत होती. ओठ लालच होते. तिने नळी दोन बोटं मागे घेतली आणि थांबली. "काका, श्वास घ्या. घाई नाही. मी आहे इथेच." ती खरंच थांबली. मी आयुष्यात कधी पेशंटच्या नाकापाशी नळी धरून नुसती थांबले नव्हते. माझा हात हवेत तसाच राहिला होता. तो मी परत आणला आणि काखेत दाबला.

"आता गिळा." नळी सरकली. खुणेपर्यंत गेली. तिने सिरिंज लावून ओढली; हिरवट पाणी भरभर वर आलं. नळी पोटातच होती. तिने चिकटपट्टी लावली, पिशवी जोडली, आणि थोड्या वेळाने काकांनी डोळे मिटून म्हटलं, "आलं स्टॉप."

लेकीने मान वर केली. तिची नजर आधी माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली, पडद्याच्या फटीतून थेट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. घडीबाई आमच्याकडे पाठ करून कुणाला तरी गोळी मोजून देत होती. पोरगी आधी आपल्याकडेच बघणार हे घडीबाईला ठाऊक होतं. म्हणूनच ती पाठ करून उभी होती. मग लेकीची नजर माघारी आली आणि माझ्यावर थांबली. उष्टी नजर आहे ही, असं माझ्या मनात आलंच. आलं ते आलं, लपवत नाही. पण मी ती घेतली. मान हलवली. "झालं," मी म्हणाले.

ड्रेसिंगच्या खोलीत वही अजून तशीच उघडी होती. आदल्या दिवशीच्या ओळीवर मी आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. खालच्या ओळीत नवी तारीख लिहायला गेले. पेन चालेना. कागदावर गिरमिटलं, झटकलं, परत टेकवलं. पेनाचा दोष नव्हता; माझाच हात कापत होता. एक आकडा नीट उमटेना. वर्गात पहिली आलेली मी, आणि तारीख लिहिता येत नव्हती.

लेकीचा हात पेनाकडे पुढे आला. "आण, मी..." ती म्हणाली.

आणि थांबली. हात मागे घेतला. पंजे काखेत गेले, मान किंचित कलती झाली, आणि ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली.

सही मीच केली. वेळ लागला.